कालिया कोण होणार?

पंधरवड्यातनं एकदा गोदीतनं सुटतो आणि रात्रीच्या गाडीनं पुण्याला येतो. स्टेशनाला उतरलं की ताडीवाला रोड चालत. तिथं आक्काचं घर. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, आत पाच माणसं आणि सहावा टीव्ही. आक्का पहाटे साडेपाचला झाडलोटीच्या कामावर जाते. दाजी रिक्षा मारतात. पोरं दोन. थोरला दहाचा, धाकटी सहाची. आमची आई, म्हणजे पोरांची आजी, डोळ्यांनी अधू. ती पोरांना सांभाळते असं आपण म्हणतो. खरं बोलायचं तर तिघांनाही टीव्हीच सांभाळतो.

मागल्या खेपेला गल्लीत शिरलो तर पोरं खेळत होती. छोटा भीमचा खेळ. एक गोरटेलं पोरगं भीम झालेलं, एक पोरगी चुटकी, एक जण राजू. आणि आमचा थोरला, सगळ्यांत उंच, सगळ्यांत काळा, जमिनीवर उताणा पडलेला आणि चार जण त्याच्या छाताडावर. मी म्हणलं, "काय रे, मार का खातोस? तुझ्या अंगात तर सगळ्यांपेक्षा जास्त जोर हाय."

तो उठला, चड्डी झटकली आणि म्हणाला, "मामा, मी कालिया हाय. कालियाला हरावंच लागतं."

"रोज तूच कालिया?"

"मग कोण होणार? ठरलेलंच हाय."

ठरलेलंच हाय. दोस्तांनो, रात्रभर मला झोप नाही. हे दोन शब्द आपल्या आज्या-पणज्यांनी किती वेळा ऐकले असतील! कुणी ठरवलं, कधी ठरवलं, विचारायचं नाही. ठरवणाऱ्यांचा ग्रंथ बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ ला महाडात जाळला. आणि आज ताडीवाला रोडच्या गल्लीत दहा वर्षांचं पोरगं स्वतःच्या काळ्या कातडीकडं बघून स्वतःची जागा ठरवतंय. त्याला कुणी सांगितलं नाही. त्यानं टीव्हीवर नाव ऐकलं आणि खेळात ते नाव आपल्याच अंगाला चिकटवून घेतलं.

कार्टून बनवणारा मनुस्मृती मांडीवर घेऊन बसला होता असं मी म्हणत नाही. छोटा भीम २००८ साली आला, हैदराबादच्या कंपनीनं बनवला. परक्या देशाचं उष्टं नाही, आपल्याच मातीतलं काम, आपल्याच चित्रकारांच्या हातचं. भीम दुबळ्याच्या मदतीला धावतो, लाडू खातो, दोस्तांना सोडत नाही. पोरांनी त्याच्यावर जीव टाकला यात नवल नाही. माझं भांडण भीमशी नाही. माझं भांडण या गोष्टीशी आहे की पाच ते अकरा वयाच्या पोरांच्या डोळ्यांत रोज तीन-तीन तास काय ओतलं जातं, याचा विचार करायला आमच्या वस्तीत कुणाला फुरसत नाही, आणि वस्तीबाहेर ज्यांना फुरसत आहे त्यांना आमची पोरं दिसत नाहीत.

हे वयच बेवारस आहे. अंगणवाडीतल्या पोरांसाठी गाणी आहेत, अआइई आहे, रंग आहेत, हत्ती-घोडे आहेत. मिसरूड फुटलेल्यांसाठी सिनेमा, क्रिकेट, मारामारी, सगळा बाजार आहे. मधल्यांचं काय? सहाचं पोर गाण्यांना "बारक्यांचं" म्हणून नाक मुरडतं. दहाच्या पोराला मोठ्यांचं कळत नाही, पण ते डोळे फाडून बघतं. मग संध्याकाळी आजीबरोबर सासू-सुनांची विषं. रात्री बापाबरोबर खून-बलात्काराच्या "सत्यकथा". दुपारी हिंदीत डब केलेली जपानी चित्रं. शिनचॅन घ्या. आपल्याला वाटतं कार्टून म्हणजे पोरांचं. अरे, ते मुळात १९९० साली जपानात मोठ्या माणसांच्या साप्ताहिकात छापून यायला लागलेलं. मोठ्यांनी हसावं म्हणून लिहिलेलं. आपण ते सहा वर्षांच्या पोरीपुढं वाढतो आणि मग तिनं आजीला उलट उत्तर दिलं की तिलाच थोबाडीत मारतो. चित्र रंगीत आहे म्हणून माल पोरांचा होत नाही.

इथं मला माझ्या कामातली एक गोष्ट सांगायचीय. गोदीत घातक माल येतो तेव्हा त्या कंटेनरवर तिरक्या चौकोनाची खूण चिकटवलेली असते. एक ते नऊ असे वर्ग. स्फोटक, पेट घेणारा वायू, विष, आम्ल, ज्याचा त्याचा आकडा, ज्याचं त्याचं चित्र. मी दहावी पास. इंग्रजी कागद मला वाचता येत नाही. पण खूण वाचता येते. खूण बघून मी ठरवतो हात कसा लावायचा, कुठं उभं राहायचं, कुठं बिडी पेटवायची नाही. ही खूण माझा जीव वाचवते. ती जगभराच्या बंदरांत चालते, कारण मालकांना ठाऊक आहे की एक पेटी फुटली तर त्यांचं जहाजही जळतं.

पोरांच्या डोक्यात उतरणाऱ्या मालावर अशी खूण आहे का? आहे, पण ज्यांच्याकडं पैसा आहे त्यांच्या दारात. २०२१ च्या सरकारी नियमांनी इंटरनेटवरच्या मालिका-सिनेमांना वयाच्या पायऱ्या लावल्या. सात वर्षांवरचं, तेरावरचं, सोळावरचं, आणि फक्त मोठ्यांचं. सिनेमाच्या कायद्यात २०२३ साली तशाच पायऱ्या घातल्या. पण महिन्याचे पैसे न भरता छत्रीवर जो टीव्ही दिसतो, केबलवाल्याच्या वायरीतनं जो येतो, त्यावरच्या मालिकांना अशी वर्षांच्या हिशोबाची खूण बंधनकारक नाही. १९९४ च्या केबल नियमांत एवढं लिहिलंय की पोरांना न साजणारं, जेव्हा सगळ्यांत जास्त पोरं बघत असतात त्या वेळेला दाखवू नये. लिहिलंय. आता या आमच्या गल्लीत रात्री साडेनवाला, आणि बघा किती पोरं झोपलीत. दहा बाय बाराच्या खोलीत पोरांची वेळ आणि मोठ्यांची वेळ अशा दोन वेळा नसतात. एकच वेळ असते, एकच पडदा असतो.

आता शहाणे डॉक्टर म्हणतात, दोन ते पाच वर्षांच्या पोरांना दिवसाला तासाभराच्या वर पडदा नको, पाच ते दहाच्यांना दोन तासांच्या आत. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेनं २०२१ साली तसं सांगितलंय. पोराशेजारी बसा, बघा, बोला, असंही ते म्हणतात. डॉक्टर खोटं बोलत नाहीत. मी त्यांच्या बाजूचा आहे. पण डॉक्टरसाहेब, आक्का पहाटे साडेपाचला जाते. ती दुपारी परत येते तेव्हा तिच्या अंगाला तुमच्या सोसायटीच्या कचऱ्याचा वास असतो आणि कमरेत उसण भरलेली असते. तिनं कधी बसायचं? तुमच्या पोरांना वेगळी खोली, वेगळा मोबाईल, त्यात वयाप्रमाणं वेगळा खण. पाच ते आठ एक, नऊ ते बारा दुसरा. बटण दाबलं की झालं. आमच्या पोरांना खण एकच.

दुसऱ्या बाजूला आमचे काही कडवे दोस्त. ते म्हणतात, टीव्ही म्हणजे बामण-बनियांचा अफूचा गोळा, फोडून टाका. मी म्हणतो, फोडा. पण फोडल्यावर त्या तीन तासांत पोरं कुठं ठेवू ते सांगा. रेल्वेच्या रुळावर? गुत्त्याच्या पायरीवर? मैदान तुम्ही ठेवलं नाही, वाचनालयाला कुलूप, विहारात फक्त पौर्णिमेला गर्दी. आणखी एक तिसरा आवाज आहे, तो मला सगळ्यांत वाईट वाटतो. तो म्हणतो, वस्तीतल्या पोरांनी सगळं बघितलेलं असतं, दारू, पोलीस, मारामारी. त्यांना टीव्हीनं काय फरक पडणार? म्हणजे आमच्या पोरांना बालपण द्यायची गरजच नाही! ती जन्मतःच म्हातारी! अरे, ज्यानं खरोखरची लाथ बघितलीय त्याला पडद्यावरची लाथ जास्त लागते, कमी नाही. त्याला ठाऊक असतं लाथ कशी लागते.

एवढं सगळं ऐकून कुणी म्हणेल, हा गोदीतला माणूस अशक्य ते मागतोय. नाही. याच देशात हे झालेलं आहे, आणि याच पुण्यात झालेलं आहे.

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ हे एक वर्ष. अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही नेला. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण ज्या खेड्यांत रस्ता नव्हता तिथं सकाळी शाळेच्या वेळेत पाच ते बारा वयाच्या पोरांसाठी वेगळे कार्यक्रम दाखवले. म्हणजे उपग्रह आकाशात गेला तेव्हा ठरवणाऱ्यांच्या डोक्यात हे वय होतं. पुढं इन्सॅट आला. तेव्हा सहा राज्यांत पोरांचे कार्यक्रम बनवायला संस्था उभ्या केल्या. त्यातली महाराष्ट्राची आपल्या पुण्यात, १९८४ साली, सेनापती बापट रस्त्यावर, पाठ्यपुस्तकांच्या बालभारतीच्या शेजारी. नाव बालचित्रवाणी. आणि ऐका, त्या इन्सॅटच्या कार्यक्रमांत वयाचे दोन भाग होते. पाच ते आठ एक, नऊ ते अकरा दुसरा. आज मोबाईलवाली परदेशी कंपनी जो खण पाडते आणि आपण वा वा करतो, तो खण चाळीस वर्षांपूर्वी सरकारी पैशानं, मराठीत, फुकट पाडलेला होता.

मी तो बघितलाय. आमच्याकडं केबल नव्हती, शेजारी ॲन्टेनाचा टीव्ही होता, दारात बसून बघायचो. कधी गोष्ट, कधी प्रयोग, कधी गाणं. मी त्याची आरती ओवाळत नाही. भाषा बरीचशी सदाशिव पेठेची होती. पोरं इस्त्रीच्या कपड्यातली. आमच्यासारखं "न्हाय", "व्हय" कुणी बोललं की ते हसवायला आणलेलं पात्र असायचं, असं मला तेव्हाही वाटायचं. पण एक होतं. त्यात कुणी मला काही विकत नव्हतं. मी सात वर्षांचा आहे हे त्या पडद्याला ठाऊक होतं.

मग काय झालं? १९९५ साली कार्टून नेटवर्क आलं, २००४ साली पोगो आणि हंगामा आले. बाजारानं एक नवं गिऱ्हाईक शोधून काढलं. या गिऱ्हाइकाच्या खिशात पैसा नाही, पण ते रडून आईच्या खिशातनं काढू शकतं. वेफर्स, चॉकलेट, शक्तीची पावडर. जाहिरातवाल्याला पाचचं पोर वेगळं आणि दहाचं वेगळं असण्यात फायदा नाही. त्याला जितकी डोकी एका पडद्यापुढं, तितकं बरं. म्हणून चारपासून चौदापर्यंत सगळी एकाच टोपलीत. कार्यक्रम असा हवा की चारच्याला रंग दिसावेत आणि चौदाचा उठून जाऊ नये. म्हणून आदळआपट, पळापळ, किंचाळणं. थांबून विचार करायला लावणारा क्षण आला की पोर चॅनल बदलतं, आणि चॅनल बदललं की धंदा बुडतो. हे त्याचं यंत्र आहे. त्यात कुणी राक्षस बसलेला नाही. हिशोब बसलाय.

आणि इकडं बालचित्रवाणीचं? केंद्राचा पैसा आटला. कामगारांचे पगार थकले. २०१७ साली राज्य सरकारनं ती संस्था बंद केली. हजारो कार्यक्रम बनवलेली संस्था. दोस्तांनो, त्या वर्षी पुण्यात मोर्चा निघाला का? गणपतीच्या मांडवाची उंची एक फूट कमी करा म्हणलं तर हे शहर पेटतं. पोरांचा पडदा गेला तर कुणाच्या चहाचा घोट अडला नाही. आपलाही नाही. मी आपल्यालाही सोडत नाही. पुतळ्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरायलाच पाहिजे होतं. पण त्या पुतळ्याच्या हातात पुस्तक आहे, हे विसरून चालत नाही.

तीन वर्षांत करोना आला आणि शाळा बंद पडल्या. तेव्हा सरकारला आठवलं की गरिबाच्या घरात टीव्ही असतो. जुलै २०२० मध्ये सह्याद्रीवर पहिली ते आठवीच्या पोरांसाठी "टिलीमिली" सुरू झालं, इयत्तेप्रमाणं वेगळ्या वेळा. आक्काच्या शेजारणीची पोरं ते बघायची. म्हणजे जमतं. पैसा उभा राहतो, माणसं मिळतात, वेळ मिळते. फक्त साथ यावी लागते, मध्यमवर्गाचीही पोरं घरात अडकावी लागतात. आमच्या पोरांची शाळा तर रोजच अर्धी बंद असते. तिला साथ कोण म्हणणार?

आता मी मुद्द्याच्या गाभ्याला येतो. वयाला साजेसं म्हणजे काय? पांढरपेशा म्हणतो, साजेसं म्हणजे गोड. जात-पात, गरिबी, अन्याय, हे पोरांपुढं नको, त्यांचं वय नाही. पण आमच्या पोराला "तुम्ही कोण?" हा प्रश्न दुसरीच्या वर्गात विचारला जातो. बाबासाहेब १९०१ साली साताऱ्याहून भावंडांबरोबर बापाला भेटायला निघाले, मसूर स्टेशनला उतरले, आणि जात कळल्यावर गाडीवाला गाडीत घेईना, रात्रभर पाणी मिळेना. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. त्यांनी स्वतः ते लिहून ठेवलंय. जात पोराचं वय विचारून येत नाही. मग तिच्याबद्दल सांगायला आपण वय का शोधायचं, असं मला वाटायचं.

वाटायचं. यंदाच्या जयंतीला माझं डोकं ठिकाणावर आलं. गल्लीतल्या पोरांनी पडदा लावला आणि बाबासाहेबांच्या बालपणाच्या मालिकांतले प्रसंग दाखवले. मराठी मालिका २०१९ च्या मे महिन्यात आली होती, हिंदी त्याच वर्षी डिसेंबरात. त्यांचे तुकडे अजून मोबाईलवर फिरतात. लहान भीमराव तहानलेला आहे आणि त्याला पाणी मिळत नाही. सगळी गल्ली सुन्न. थोरला माझ्या शेजारी मुठी आवळून बसला. घरी येताना म्हणाला, "मामा, त्यानं मडकं फोडलं का नाही?" मी खूश. पोरगं पेटलं म्हणलं. धाकटी गप्प होती. दुसऱ्या दिवशी आक्कानं तिची पाण्याची बाटली भरली तर ती दप्तरात घेईना. म्हणाली, "शाळेत कुणी बघितलं तर?" सहा वर्षांच्या पोरीच्या डोक्यात एकच गोष्ट राहिली होती. आपण पाणी पिताना कुणी बघू नये.

सांगा, काय केलं आपण? एकच चित्र, एकच रात्र, एकाच आईची दोन पोरं. दहाच्याला त्यानं प्रश्न दिला. सहाच्या पोरीला त्यानं भीती दिली, तीच भीती जी घालवायला बाबासाहेब २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर गेले. मालिकेचा दोष नाही. पडदा लावणाऱ्या पोरांचाही नाही. दोष माझा. मी तिच्या शेजारी नव्हतो, मी थोरल्याच्या मुठी बघत होतो. दहाच्या पोराला काळ कळतो. हे तेव्हाचं, हे आताचं, हे मोडता येतं, एवढा हिशोब तो करतो. सहाच्या पोरीला सगळं आजच असतं, आणि सगळं तिच्यावरच असतं. म्हणून साजेसं म्हणजे गोड नाही, आणि साजेसं म्हणजे सगळं एकदम तोंडावर फेकणंही नाही. खरं तेच सांगायचं. पण कोणत्या वयाला कोणत्या भांड्यातनं, ते बघायचं.

याचं एक उदाहरण अमेरिकेतलं आहे. आपल्या पँथरचं नाव जिथल्या काळ्या वाघांवरनं आलं तिथलं. त्या काळात गोरे लोक काळ्यांना पोहण्याच्या तलावात उतरू देत नव्हते. त्यांचा महाडच म्हणा. तिथं फ्रेड रॉजर्स नावाचा एक गोरा माणूस बारक्या पोरांसाठी कार्यक्रम करायचा. ९ मे १९६९ च्या भागात तो उन्हात एका टबात पाय सोडून बसला. तिथनं पोलिसाच्या भूमिकेतला काळा गायक फ्रँकॉइस क्लेमन्स चालला होता. रॉजर्सनं त्याला बोलावलं. दोघांचे पाय एका पाण्यात. एकाच टॉवेलनं पुसले. भाषण नाही, शिवी नाही, रडणं नाही. पाच वर्षांच्या पोराला तेवढं पुरतं. त्याला कळतं की पाणी बाटत नाही. उद्या कुणी बाटतं म्हणलं तर ते म्हणेल, मी बघितलंय, नाही बाटत.

त्याच साली नोव्हेंबरात "सेसमी स्ट्रीट" सुरू झालं. गरीब, काळ्या वस्तीतली पोरं शाळेत मागं पडतात, त्यांना पडद्यावर आपली गल्ली दिसावी म्हणून. काळी-गोरी माणसं एका रस्त्यावर राहतात, एवढाच त्याचा गुन्हा. मे १९७० मध्ये मिसिसिपी राज्याच्या टीव्ही मंडळानं मतदान करून तो कार्यक्रम बंद ठेवला. बोंब झाली तेव्हा काही दिवसांत पुन्हा सुरू करावा लागला. गोऱ्यांना पोरांच्या कार्यक्रमाची एवढी भीती का वाटली? कारण त्यांना ठाऊक होतं की या वयात जे आत जातं ते जातच नाही. शत्रूला ते कळतं. आपल्याला कधी कळणार? आपल्याकडं त्याचंच हिंदी रूप "गली गली सिम सिम" २००६ साली आलं. त्यातली चमकी शाळेच्या गणवेशातली पोरगी, प्रश्न विचारणारी. आक्काच्या धाकटीला मी ती मोबाईलवर दाखवली. तिला आवडली. पण मराठीत तिच्या गल्लीतली चमकी कुठाय? २०२१ साली एक बालवाहिनी बऱ्याच भाषांबरोबर मराठीतही सुरू झाली, नाही असं नाही. पण तोंडात मराठी घातली म्हणून गल्ली आमची होत नाही.

म्हणून मी गेले काही शनिवार एक उद्योग करतोय. मोठं काही नाही. विहाराच्या पडवीत संध्याकाळी एक तास, एक मोबाईल, एक जुना टीव्ही. अर्धा तास पाच ते आठवाल्यांचा, अर्धा तास नऊ ते अकरावाल्यांचा. निवडायचं काम नववी-दहावीच्या दोन पोरी करतात, माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. आम्ही काही कसोट्या लावल्यात, त्या सांगतो. कुणाला उपयोग झाला तर बरं.

पहिली, बघून झाल्यावर पोरं काय खेळतात ते बघा. पोर तोंडानं खोटं बोलेल, खेळात बोलत नाही. दुसरी, त्यात रोज कोण हरतं, कुणाच्या नावाला, रंगाला, बोलीला, जाडेपणाला हसतात ते मोजा. एकदा हसणं चालेल. रोज त्याच माणसाला हसणं म्हणजे शिकवण. तिसरी, बारक्यांना एका वेळी एकच गोष्ट, सावकाश, आणि शेवटी जीव भांड्यात पडला पाहिजे. भीती दाखवलीत तर त्याच बैठकीत ती सोडवा. चौथी, नऊच्या पुढच्यांना उलटं. त्यांना उत्तर देऊ नका, भांडायला प्रश्न द्या. पाचवी, दर दहा मिनिटांनी काही विकायला येत असेल तर तो कार्यक्रम दुकान आहे. सहावी, बंद केल्यावर पोराला गोष्ट परत सांगायला लावा, त्याच्या बोलीत. सांगता आली तर पोटात गेली. नाही आली तर नुसता गोंगाट होता.

सगळं छान चाललंय असं समजू नका. पहिल्या शनिवारी बारकी झोपली. दुसऱ्या शनिवारी नऊवाल्यांनी कुस्ती लावा म्हणून दंगा केला आणि दोघं उठून गेले. एक बाप येऊन म्हणाला, पोरांना विहारात टीव्ही दाखवता, लाज वाटत नाही? त्याला मी बसवून घेतलं. तो शेवटपर्यंत बसला. पुढल्या शनिवारी आला नाही, पण पोराला पाठवलं.

एक तास आपल्या हातचा. बाकीचा सरकारकडं मागायचाय, आणि भीक म्हणून नाही. बालचित्रवाणीनं आपल्या पैशानं केलेले ते हजारो कार्यक्रम पेट्यांतनं काढा, वयाच्या दोन भागांत लावा, फुकट खुले करा. बिनपैशाच्या छत्रीवर रोज संध्याकाळी, आजीची मालिका सुरू व्हायच्या आधी, पाच ते आठचा अर्धा तास आणि नऊ ते अकराचा अर्धा तास, जाहिरातीशिवाय. टीव्हीच्या प्रत्येक कार्यक्रमावर वयाची खूण, चित्रात, अंगठा लावणाऱ्या आजीलाही वाचता येईल अशी. आणि नवे कार्यक्रम करताना कोल्हाटी, पारधी, मांग, महार, कैकाडी, मुसलमान पोरांना दयेचं पात्र म्हणून बोलावू नका. त्यांना गोष्ट सांगायला बोलावा. पुण्यात सिनेमा शिकवणारी संस्था आहे, सिनेमे जपणारं संग्रहालय आहे, पाठ्यपुस्तकं छापणारं मंडळ आहे. सगळं आमच्या वस्तीपासून एका बसच्या अंतरावर. नाही फक्त एक गोष्ट, आमची पोरं कुणाच्या तरी हिशोबात असणं.

निघायच्या दिवशी गल्लीत पुन्हा तोच खेळ. मी थोरल्याला म्हणलं, "आज तू भीम हो." तो म्हणाला, "नको मामा, भीम व्हायचा कंटाळा येतो, तो एकटाच सगळं करतो." मग जरा थांबून म्हणाला, "कालियाचा बाप काय करतो रे? ते टीव्हीत कधी दाखवत का न्हाईत?"

मला उत्तर आलं नाही. गाडीची वेळ झाली होती. मी त्याला म्हणलं, तू लिहून ठेव, पुढल्या खेपेला वाचतो. त्यानं वहीचं पान फाडलं. चार ओळी झाल्यात असा आक्काचा फोन आला परवा. कालियाचा बाप बोटीवर माल चढवतो म्हणे.

जय भीम.